शिक्षा झाली ती लहान गोष्टीची

२०२१ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या नैऋत्य भागात एक निवडणूक झाली. निवडणूक आपली म्हणायची. इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधीगृहातले बाविसाव्या जिल्ह्याचे (तिथे मतदारसंघाला जिल्हा म्हणतात) आमदार पन्नास वर्षांनी राजीनामा देऊन बाहेर पडले होते. रिकामी जागा कुणी भरायची हे तिथल्या कायद्याप्रमाणे त्या जिल्ह्यातल्या वॉर्डांचे पक्षप्रमुख ठरवतात, आणि ज्याच्या वॉर्डातून पक्षाला जितकी मतं, तितकं त्याच्या मताचं वजन. त्या दिवशी निम्म्याहून जास्त वजन एकाच माणसाकडे होतं. तो माणूस म्हणजे राजीनामा दिलेले आमदारच. त्यांनी आपला वारस नेमला, दोनच दिवसांत त्याला ‘जा’ म्हणून सांगितलं, तिसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्याने राजीनामा दिला, आणि आठवडा संपायच्या आत त्या जागेवर दुसरी व्यक्ती बसली. मतदाराला कुणी काही विचारलं नाही. आणि यात बेकायदा असं काहीही नव्हतं.

हे आमदार म्हणजे मायकल मॅडिगन. १९७१ ते २०२१ अशी पन्नास वर्षं आमदार, त्यातली छत्तीस वर्षं सभागृहाचे स्पीकर. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात एवढा काळ नेतेपद कुणी भोगलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचखोरीच्या खटल्यात ज्यूरीने त्यांना दहा आरोपांत दोषी ठरवलं, सात आरोपांतून सोडलं, आणि सहांवर ज्यूरीचं एकमत झालं नाही. जूनमध्ये साडेसात वर्षांची कैद आणि २५ लाख डॉलर दंड झाला. ऑक्टोबरमध्ये त्र्याऐंशी वर्षांचे मॅडिगन वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगात दाखल झाले. निकालाविरुद्ध त्यांनी अपील केलं.

एवढं झाल्यावर जे बोललं जायचं ते बोललं गेलं. एकच माणूस एवढी वर्षं खुर्चीत बसला की असंच व्हायचं, आमदारकीला मुदत घाला. मला हे निदान पटत नाही. मॅडिगन यांची पन्नास वर्षं नीट पाहिली तर दिसतं की कोर्टाने शिक्षा दिली तो भाग त्यांच्या कारकिर्दीतला लहान भाग होता. मोठा भाग पूर्ण कायदेशीर होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालला होता, आणि त्याचा वर्षांच्या मोजणीशी फारसा संबंध नव्हता.

आधी ‘स्पीकर’ या शब्दाची फोड करून घेऊ. आपल्याकडे विधानसभेचा अध्यक्ष निःपक्ष असावा अशी निदान अपेक्षा तरी असते. (ती किती पाळली जाते, हा वेगळा विषय.) अमेरिकेत तशी अपेक्षाच नाही. राज्याच्या सभागृहातला स्पीकर हा बहुमतवाल्या पक्षाचा उघड नेता असतो. समित्या तो नेमतो, कुठलं विधेयक कुठे जाणार हे तो ठरवतो. इलिनॉयमध्ये विधेयक पुढे सरकायचं तर आधी ‘रूल्स कमिटी’च्या दारातून जावं लागतं, आणि त्या कमिटीतले बहुसंख्य सदस्य स्पीकरचे. नावडतं विधेयक पाडायची गरजच पडत नाही. ते तिथे पडून राहतं आणि अधिवेशन संपलं की आपोआप मरतं. कुणाला विरोधात मत दिल्याचा डाग लागत नाही, पेपरात बातमी येत नाही.

मॅडिगन यांचा जन्म १९४२ चा. वडील तेराव्या वॉर्डात महापालिकेचे रस्ते-सफाई अधीक्षक होते आणि त्यांची थोरल्या डेलींशी ओळख होती. हे रिचर्ड जे. डेली पुढे एकवीस वर्षं शिकागोचे महापौर राहिले, आणि ‘मशीन’ हा शब्द ज्यांच्या नावाला कायमचा चिकटला ते हेच. पक्षाचं काम करणाऱ्याला महापालिकेत नोकरी, नोकरी टिकवायची तर निवडणुकीत आपल्या गल्लीतली मतं आणून द्यायची, असं ते यंत्र. १९६९ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी मॅडिगन त्याच तेराव्या वॉर्डाचे पक्षप्रमुख झाले. झाडाच्या फांद्या तोडून देणं, नवा कचऱ्याचा डबा पोचवणं, दार ठोठावून ‘काही अडचण?’ विचारणं, हे त्यांच्या माणसांनी पुढची पन्नास वर्षं इमानेइतबारे केलं. या कामाला नाक मुरडायचं कारण नाही. विमानतळाजवळच्या त्या विटांच्या बैठ्या घरांच्या वस्तीत सरकार म्हणजे काय, तर हाक मारल्यावर येणारा माणूस. असा माणूस पुन्हा पुन्हा निवडून येतो यात गूढ काही नाही.

त्याच १९६९ मध्ये राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी परिषदेची निवडणूक झाली. मॅडिगन निवडून गेले. मायकल शकमन नावाचा एक स्वतंत्र उमेदवार दुसऱ्या एका मतदारसंघात थोड्या मतांनी हरला, आणि त्याने कोर्टात धाव घेतली: सरकारी पगारावरची माणसं पक्षाच्या कामाला जुंपली जातात, मग अपक्षाने लढायचं कसं? त्या दाव्यातून १९७२ पासून पुढे ‘शकमन आदेश’ निघत गेले. राजकीय निष्ठा बघून शहरात किंवा काउंटीत (शिकागो ज्यात येतं त्या प्रशासकीय विभागात) नोकरी द्यायची नाही, कामावरून काढायचं नाही. मशीनचं इंधनच तोडलं गेलं. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

आता दुसरी सुधारणा. १९७८ च्या निवडणुकीनंतर, नवे आमदार यायच्या आत, जुन्या विधिमंडळाने स्वतःला ४० टक्के पगारवाढ घेतली. लोक खवळले. पॅट क्विन नावाच्या तरुण कार्यकर्त्याने लोकांना चहाच्या पिशव्या गव्हर्नरकडे, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाकडे, पाठवायला सांगितलं (बॉस्टनच्या बंदरातल्या त्या प्रसिद्ध चहाची आठवण), आणि पाठोपाठ घटनादुरुस्तीची मोहीम काढली. १९८० मध्ये ती मोठ्या मताधिक्याने मंजूर झाली. १७७ आमदारांचं सभागृह ११८ वर आलं. एकतृतीयांश आमदार घरी! कुणाला आनंद होणार नाही?

पण त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट गेली. १८७० पासून इलिनॉयमध्ये प्रत्येक जिल्ह्यातून तीन प्रतिनिधी निवडले जात, आणि मतदाराला आपली तिन्ही मतं हवं तर एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळे डेमोक्रॅटिक शिकागोतूनही एखादा रिपब्लिकन निवडून यायचा आणि रिपब्लिकन उपनगरांतून एखादा डेमोक्रॅट. ही अल्पमताची माणसं पक्षाच्या मुठीत नसत, कारण त्यांचं निवडून येणं नेत्याच्या कृपेवर अवलंबून नसे. दुरुस्तीनंतर एक जिल्हा, एक आमदार. म्हणजे जिल्ह्याची सीमारेषा कुठून जाते आणि प्रचाराला पैसा कोण देतो, यावर सगळं आलं. नव्या ११८ जणांच्या सभागृहाची पहिली बैठक जानेवारी १९८३ मध्ये भरली आणि त्याने पहिला स्पीकर निवडला. नाव सांगायला नकोच.

सीमारेषांची गोष्ट तर कादंबरीत कुणी लिहिली असती तर अतिशयोक्ती वाटली असती. १९७० च्या घटनेने ठरवलं होतं की दर दहा वर्षांनी मतदारसंघांची फेररचना करताना दोन्ही पक्षांचं जमलं नाही, तर आयोग नेमायचा, त्यातही बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकायची. कल्पना अशी की चिठ्ठीच्या भीतीने दोघे तडजोड करतील. झालं उलटं. तडजोड करून अर्धं घेण्यापेक्षा जुगार खेळून सगळं घेणं दोघांनाही बरं वाटलं. १९८१ मध्ये लिंकन घालत तशा उंच टोपीतून चिठ्ठी निघाली, डेमोक्रॅट जिंकले, आणि नकाशा मॅडिगन यांच्या देखरेखीखाली काढला गेला. १९९१ मध्ये रिपब्लिकन जिंकले, आणि मॅडिगन यांच्या छत्तीस वर्षांत जो एकच खंड पडला, १९९५ ते १९९७, तो त्याच नकाशावर. २००१ मध्ये पुन्हा डेमोक्रॅट. ज्या राज्याच्या सभागृहात लिंकन स्वतः आमदार होते, तिथे दहा-दहा वर्षांची सत्ता त्यांच्या टोपीच्या नकलेत हात घालून वाटली गेली. लोकांनी सह्या गोळा करून स्वतंत्र आयोगाची मागणी मतदानाला आणू पाहिली, तेव्हा २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ती मतपत्रिकेवरून काढून टाकली.

तिसरी सुधारणा २००९ ची. गव्हर्नर ब्लागोयेविच यांची हकालपट्टी झाली, ओबामांची रिकामी झालेली सिनेटची जागा विकायला काढल्याचा आरोप होता, आणि त्या धक्क्यात राज्याने पहिल्यांदा निवडणूक देणग्यांवर मर्यादा घातल्या. मात्र मुख्य निवडणुकीत पक्षाने आणि विधिमंडळातल्या नेत्यांनी उमेदवाराला किती पैसा द्यायचा, यावर मर्यादा घातली नाही. मॅडिगन तेव्हा नेतेही होते आणि १९९८ पासून राज्यातल्या पक्षाचे अध्यक्षही. बाकी सगळ्यांच्या बादल्या लहान झाल्या आणि यांची विहीर तेवढीच राहिली.

सीमारेषा, पैसा, विधेयकाचं दार, असं सगळं एका हातात आल्यावर आमदार काय करणार? दर दोन वर्षांनी, जानेवारीत, स्पीकर निवडायला साठ मतं लागत. १९८३ पासून, पक्षाचं बहुमत असताना, पक्षातल्या जवळजवळ सगळ्यांनी ती दिली. २०१७ मध्ये एकाच डेमोक्रॅट आमदाराने, स्कॉट ड्रुरी यांनी, नुसतं ‘हजर’ असं मत नोंदवलं. विरोधातसुद्धा नाही. तेवढ्यावर त्यांचं समितीचं अध्यक्षपद गेलं. राज्याची लोकसंख्या सव्वा कोटीच्या वर, मॅडिगन यांच्या जिल्ह्याची एक लाखाच्या थोडी पुढे. शिकागोबाहेरच्या मतदाराला मॅडिगन नको असतील तर त्याच्या हातात एकच गोष्ट होती: आपल्या आमदाराला विचारायचं, तू त्या साठात का आहेस? हा प्रश्न आमदारांना पुरेशा जोराने कुणी विचारला नाही, आणि माझ्या मते पन्नास वर्षांची जबाबदारी वाटायची झाली तर सर्वांत मोठा वाटा त्या साठांचा आहे.

आता त्यांच्या वकिलीबद्दल. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण कुठल्याही कोर्टाने हिला हात लावला नाही. १९७२ पासून मॅडिगन यांची एका भागीदाराबरोबर वकिली फर्म होती. काम एकच: शिकागोतल्या मोठ्या इमारतींचं मूल्यांकन कमी करून घेणं, म्हणजे त्यांची घरपट्टी उतरवणं. इलिनॉयमध्ये घरपट्टी कशी ठरते बघा. शाळा, पालिका, उद्यान मंडळ आपल्याला एकूण किती रक्कम हवी ते आधी ठरवतात आणि मग ती मालमत्तांच्या मूल्यांकनाप्रमाणे वाटली जाते. एकूण रक्कम ठरलेली. म्हणजे मध्यवस्तीतल्या गगनचुंबी इमारतीचं मूल्यांकन उतरलं, तर तो फरक हवेत जात नाही, इतरांच्या बिलात जातो. इतर म्हणजे कोण? त्यात नैऋत्य शिकागोतली विटांची बैठी घरंही आली. मतदारांना कचऱ्याचा डबा पोचवणारे आमदार डाउनटाउनच्या ऑफिसात बसून ज्यांची कामं करत होते, त्यांना मिळालेली सूट थोडी थोडी त्याच मतदारांच्या घरपट्टीत उतरत होती.

आणि हे अर्ज जायचे कुणाकडे? २०१० ते २०१८ या काळात काउंटीचे मूल्यांकन अधिकारी होते जोसेफ बेरियोस. ते निवडून आलेले, आणि त्याच वेळी काउंटीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष. राज्याचा पक्षाध्यक्ष वकील म्हणून अर्ज करतो आणि काउंटीचा पक्षाध्यक्ष अधिकारी म्हणून त्यावर निर्णय देतो. २०१७ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने आकडेवारी मांडून दाखवलं की या पद्धतीत स्वस्त घरांवर प्रमाणाबाहेर कर पडत होता आणि महागड्या घरांना सूट मिळत होती. पुढच्याच वर्षी बेरियोस प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, पडले. म्हणजे लोकांना कळल्यावर मार्ग निघतो, हेही खरं. पण आमदाराला बाजूने वकिली करायला तिथे कायद्याची आडकाठी नाही आणि अशील कोण हे पुरतं सांगायचीही सक्ती नव्हती. ज्या सभागृहाने करांचे नियम करायचे, त्याचा प्रमुख त्याच करांतून सूट मिळवून देऊन पोट भरतो, यापेक्षा मोठा हितसंबंध मला तरी सुचत नाही. त्याला नाव मात्र ‘व्यवसाय’.

याच्यापुढे ज्या प्रकरणात शिक्षा झाली ते काय होतं? कॉमनवेल्थ एडिसन, म्हणजे कॉमएड ही उत्तर इलिनॉयला वीज पुरवणारी कंपनी. शॉमबर्गमधल्या मराठी घरातही महिन्याच्या महिन्याला हिचंच बिल येतं. कंपनीला विधिमंडळाकडून कायदे हवे होते: २०११ चा दरवाढीला सोपी वाट करून देणारा (गव्हर्नरने तो नाकारला आणि विधिमंडळाने नकार डावलून मंजूर केला), आणि २०१६ चा, जुळ्या कंपनीच्या दोन अणुवीज केंद्रांना अनुदान देणारा. २०११ ते २०१९ या काळात कंपनीने मॅडिगन यांच्या माणसांना, त्यात माजी नगरसेवक आणि वॉर्डातले कार्यकर्ते, सल्लागारांच्या उपकंत्राटांतून सुमारे १३ लाख डॉलर दिले. काम जवळजवळ काहीच नाही. १७ जुलै २०२० रोजी कंपनीने हे मान्य करून २० कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. मॅडिगन मोबाइल वापरत नसत, ईमेल करत नसत. जुना सहकारी आणि कंपनीचा लॉबिस्ट (आमदारांकडे कंपनीची बाजू लावून धरणारा पगारी माणूस) मायकल मॅक्लेन त्यांचा उल्लेख नावाने न करता ‘आपला मित्र’ असा करत असे. पण मॅक्लेनचा फोन टॅप होता, आणि फोनवर खुद्द मॅडिगन यांचाही आवाज सापडला. एका नगरसेवकाने तर वर्षानुवर्षं रेकॉर्डिंग करून सरकारला दिलं होतं. दोषी ठरलेल्या दहांपैकी काही आरोप त्या नगरसेवकाला राज्याच्या एखाद्या मंडळावर नेमणूक मिळवून देण्याच्या बेताचे आहेत.

यातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील हा की या १३ लाखांतला एक डॉलरही मॅडिगन यांच्या खिशात गेला असा आरोप नव्हता. बचाव पक्षाने यावरच भर दिला, आणि सामान्य माणसालाही वाटतं, मग लाच कसली? पण शकमन आदेश आठवा. महापालिकेतली नोकरी देता येईना, तर वॉर्डातल्या निष्ठावंताची सोय करायला दुसरं दार शोधलं गेलं, आणि ते सापडलं एका खासगी कंपनीत, जिचे दर सरकार ठरवतं. कार्यकर्त्याचा पगार पूर्वी करातून जायचा, आता वीजबिलातून जाऊ लागला. मॅडिगन यांना पैसा वकिलीतून मिळतच होता. त्यांना हवी होती ती निवडणुकीच्या दिवशी दार ठोठावणारी माणसं. राजकारणात ही जास्त महाग वस्तू आहे.

आणि ही रेषाही किती पुसट आहे पाहा. जून २०२४ मध्ये, इंडियानातल्या एका महापौराच्या प्रकरणात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की काम झाल्यावर ‘बक्षिसी’ दिली तर ती केंद्राच्या त्या लाचविरोधी कलमाखाली गुन्हा नाही. आधी ठरलं असेल तर लाच, नंतर दिलं तर कृतज्ञता. याच निकालाची वाट पाहत मॅडिगन यांचा खटला सहा महिने पुढे गेला होता.

तर मग मुदत घालून हे थांबलं असतं का? कॉमएडने कबुली दिल्यानंतर चारच दिवसांनी, २१ जुलै २०२० ला, शेजारच्याच्या शेजारी, ओहायोत, तिथल्या सभागृहाचे स्पीकर लॅरी हाउसहोल्डर यांना अटक झाली. तिथेही वीज कंपनीच. तिथेही दोन अणुवीज केंद्रांना आधार देणारा कायदाच. रक्कम मात्र सुमारे ६ कोटी डॉलर, आणि शिक्षा वीस वर्षांची. आणि ओहायोत १९९२ पासून आमदारांना सलग आठ वर्षांची मर्यादा आहे. हाउसहोल्डर मुदत संपल्यावर घरी गेले, पुन्हा आले, दोन वर्षांत स्पीकर झाले आणि पुढच्या दीड वर्षात पकडले गेले. मॅडिगन यांना जे जमायला चाळीस वर्षं लागली, ते मुदतीच्या राज्यात एका माणसाने फटाफट केलं. उलट दर काही वर्षांनी नवखे आमदार भरले की जुनं कोण उरतं? लॉबिस्ट. विधेयकाचा इतिहास, कलमांच्या खाचाखोचा त्यालाच पाठ.

आणि दुसऱ्या बाजूला विस्कॉन्सिनचे फ्रेड रिसर. १९५७ पासून आमदार, मग सिनेटर, जानेवारी २०२१ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी निवृत्त. चौसष्ट वर्षं. अमेरिकेत कुठल्याही राज्यात एवढा काळ कुणी आमदारकी केलेली नाही. मॅडिगन यांनी सभागृह सोडण्याआधी काही आठवडे ते शांतपणे घरी गेले. त्यांच्यावर ना खटला, ना टॅप केलेला फोन. त्यांच्यावर फारसं कुणी लिहीत नाही हेच त्यांचं प्रमाणपत्र.

मॅडिगन यांच्या बाजूचंही म्हणणं आहे आणि ते पोकळ नाही. अब्जाधीशांच्या वळणाचे गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी कामगार संघटनांचे हात बांधण्याची अट घालून अंदाजपत्रक अडवलं तेव्हा, २०१५ ते २०१७, राज्य ७३६ दिवस अंदाजपत्रकाविना चाललं. विद्यापीठं आणि समाजसेवी संस्था उपाशी राहिल्या. मॅडिगन झुकले नाहीत, आणि अखेर काही रिपब्लिकन मतांसह आयकर वाढवून त्यांनी कोंडी फोडली. फाशीची शिक्षा रद्द झाली, समलिंगी विवाहाला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, ती त्यांच्याच काळात. ‘ते होते म्हणून आम्ही वाचलो’ असं म्हणणारे कामगार आजही भेटतील. पण एकाच माणसावर भिस्त ठेवावी लागणं हीच तर अडचण होती. राज्याच्या पेन्शन निधीतली शंभर अब्ज डॉलरहून मोठी तूटही याच वर्षांत साचली, आणि तिच्यासाठी दोन्ही पक्षांना जबाबदार धरावं लागेल.

घरातल्याच माणसाला हे आधी दिसलं होतं. मुलगी लिसा मॅडिगन राज्याची अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे निवडून आलेली मुख्य कायदा अधिकारी, होती आणि गव्हर्नरपदासाठी तिचं नाव आघाडीवर होतं. २०१३ मध्ये तिने माघार घेतली. गव्हर्नर आणि स्पीकर एकाच कुटुंबातले असणं राज्याच्या हिताचं नाही, असं तिने सांगितलं. वडील पद सोडणार नव्हते.

मर्यादा घालायचीच तर ती आमदारकीवर नको, स्पीकरच्या खुर्चीवर हवी. तेराव्या वॉर्डाने कुणाला किती वर्षं निवडावं हा तेराव्या वॉर्डाचा हक्क आहे. पण एका सभागृहाचा नेता, पक्षाच्या तिजोरीचा मालक आणि कर कमी करून देणारा वकील, हे तिघे वेगळे असले पाहिजेत, हे मागण्याचा हक्क सगळ्या राज्याचा आहे. २०२१ च्या जानेवारीत एकोणीस डेमोक्रॅट आमदार अडून बसले आणि पक्षाच्या बैठकीत मॅडिगन यांना साठाऐवजी एक्कावन्न मतं मिळाली. पन्नास वर्षांचं साम्राज्य तेवढ्यात आटोपलं. खटला अजून उभाही राहिला नव्हता.

त्यांच्या जागी आलेल्या इमॅन्युएल वेल्च यांच्या सभागृहाने स्पीकरला दहा वर्षांची मर्यादा घातली. चांगलं झालं. पण ती घटनेत नाही, कायद्यातही नाही, सभागृहाच्या नियमांत आहे, आणि ते नियम दर दोन वर्षांनी नवं सभागृह नव्याने मंजूर करतं. त्याच वर्षी फेररचना झाली, नकाशा पुन्हा बहुमतवाल्यांनीच काढला, आणि पक्षपाती नकाशा नाकारीन म्हणून सांगितलेल्या गव्हर्नरने त्यावर सही केली. आमदाराने पद सोडल्यावर लॉबिस्ट व्हायला किती काळ थांबायचं, याचाही नियम त्या वर्षी झाला. सहा महिने. वेल्च तोवर टिकले तर त्यांची दहा वर्षं २०३१ च्या जानेवारीत भरतील. नियम पाळायचा की खोडायचा, हे त्या दिवशी पुन्हा साठ मतांवर ठरेल.